हिमाच्या थरांचं मायक्रोवेव्ह मॉडेल: मराठवाड्यात बसून कसं उभं करायचं

मराठवाड्यातल्या एखाद्या पोरानं किंवा पोरीनं एमएस्सीच्या प्रोजेक्टला हिमाचं रिमोट सेन्सिंग घेतलं, की वर्गमित्रांपासून मेसवाल्या मावशींपर्यंत सगळे एकच विचारतात: गारपीट सोडून बर्फ पाहिलाय का कधी? विचारू द्या. या कामाला हिमाचा डोंगर दारात असावा लागत नाही. थरांची नीट मांडलेली वही आणि मॉडेलला पुन्हापुन्हा तपासत बसण्याचा चिवटपणा लागतो. हिमात उभं राहून खड्डे खणणारेसुद्धा नंतर टेबलावर एक घोटाळा करतात: सगळ्या थरांची सरासरी काढतात आणि मॉडेलला एकच थर देतात. तो घोटाळा केवढ्याला पडतो, ते खाली आकड्यांत मांडलं आहे. बारावीचं भौतिकशास्त्र आणि थोडं पायथन येत असेल तर पुढचं सगळं जमेल.

उपग्रहाला दिसतं काय

जपानच्या जीकॉम-डब्ल्यू१ या मे २०१२ मध्ये सुटलेल्या उपग्रहावर एएमएसआर-२ नावाचा रेडिओमीटर आहे. तो स्वतः काही सोडत नाही. जमिनीतून नैसर्गिकपणे बाहेर पडणारे मायक्रोवेव्ह तो ५५ अंशांच्या कोनातून टिपतो आणि आकडा केल्विनमध्ये देतो. याला ब्राइटनेस टेम्परेचर म्हणतात. हिमासाठी त्याच्या दोन वारंवारता कामाच्या: १८.७ गिगाहर्ट्झ, जिची तरंगलांबी १.६ सेंटिमीटर, आणि ३६.५ गिगाहर्ट्झ, जिची ८.२ मिलिमीटर.

कोरडं हिम या लहरी फारशा शोषत नाही. खालच्या जमिनीतून निघालेली ऊर्जा वर येताना हिमाच्या कणांवर आपटून विखुरते, म्हणजे तिचं विकिरण होतं, आणि सेन्सरपर्यंत कमी पोचते. लहान तरंगलांबीला हा त्रास जास्त. म्हणून हिम वाढलं की ३६.५ चं तापमान १८.७ पेक्षा जास्त घसरतं. या फरकावरच १९८७ मध्ये चँग आणि सहकाऱ्यांनी सोपं सूत्र दिलं: आडव्या ध्रुवीकरणातल्या दोन तापमानांच्या फरकाला ४.८ नं गुणा, हिमात साठलेलं पाणी मिलिमीटरमध्ये मिळेल. सूत्रामागे गृहीतकं होती: कणाची त्रिज्या ०.३ मिलिमीटर, घनता ३०० किलो प्रति घनमीटर (पुढंही हेच एकक), आणि हिम वरपासून खालपर्यंत एकसारखं. खरं हिम तसं नसतं, म्हणूनच तर थरांच्या माहितीवरून ब्राइटनेस टेम्परेचर काढून देणारं मॉडेल लागतं.

गारपिटीच्या ढगांवरही हेच घडतं. मोठ्या गारा मायक्रोवेव्ह विखुरतात आणि ३६.५ आणि ८९ गिगाहर्ट्झवर तापमानात खड्डा पडतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये आपल्याकडं जी गारपीट झाली, तसल्या ढगांत हेच भौतिकशास्त्र जमिनीऐवजी आकाशात चालू असतं. आपला विषय तेवढाही परका नाही.

हत्यार कोणतं घ्यायचं

पर्याय बरेच आहेत. हेलसिंकीचं एचयूटी आणि बर्नचं मेम्ल्स, दोन्ही १९९९ ची. त्याशिवाय डीएमआरटी कुटुंबातली मॉडेलं. माझं मत विचाराल तर नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं एसएमआरटी घ्यावं. पिकार, सँडेल्स आणि लोव्ह यांनी ते २०१८ मध्ये प्रसिद्ध केलं. ते पायथनमध्ये आहे, मोफत आहे आणि त्याचे भाग सुटे आहेत. कणांची रचना कशी मांडायची, विकिरण कोणत्या सिद्धांतानं काढायचं आणि थरांमधून ऊर्जा कशी वाहवायची, हे तिन्ही निर्णय वेगवेगळे घेता येतात. सुरुवातीला विकिरणासाठी इम्प्रूव्ह्ड बॉर्न अप्रॉक्सिमेशन आणि वहनासाठी डॉर्ट हा सोडवणारा भाग, ही जोडी घ्या. तीन-चार थरांचं गणित साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत होतं. भारनियमनातही बॅटरीवर काम निघतं.

पायरी १: आधी काळ्या मातीवर हात बसवा

हिमाच्या खाली जमीनच असते. तेव्हा हिम न घालता फक्त जमिनीचं गणित हातानं करा. तापमान ३०० केल्विन धरा, जमीन गुळगुळीत, सेन्सर सरळ खाली पाहणारा. परावर्तन काढायला डायइलेक्ट्रिक स्थिरांकाचं वर्गमूळ घ्या, त्यातून १ वजा करा, त्याला वर्गमूळ अधिक १ नं भागा आणि उत्तराचा वर्ग करा. वैशाखातल्या भेगाळलेल्या कोरड्या मातीसाठी स्थिरांक ४ धरला तर परावर्तन ०.११ येतं, उत्सर्जनक्षमता ०.८९ आणि ब्राइटनेस टेम्परेचर सुमारे २६७ केल्विन. भरपूर पावसानंतरच्या चिंब मातीसाठी २५ धरा: परावर्तन ०.४४, तापमान साधारण १६७ केल्विन. शंभर केल्विनचा फरक केवळ पाण्यामुळे. खऱ्या रानात ढेकळं आणि पिकं असतात, त्यामुळे फरक कमी दिसतो, पण दिशा हीच.

हे आधी का करायचं, तर पाणी गोठलं की त्याचा मायक्रोवेव्हवरचा जोर संपतो आणि गोठलेली ओली जमीन जवळजवळ कोरड्या जमिनीसारखी वागते. हिमाखालची जमीन गोठलेली आहे की नाही, हा आकडा चुकला तर वरच्या थरांवर कितीही मेहनत घ्या, उत्तर हुकणारच. मॉडेलमध्ये तळाची जमीन गुळगुळीत ठेवू नका; खडबडीत जमिनीसाठी वेगम्युलर आणि मेट्झलर यांचं १९९९ चं सूत्र एसएमआरटीत तयार आहे.

पायरी २: खड्ड्याची वही

हिमात जमिनीपर्यंत खड्डा खणला की त्याच्या भिंतीत थर दिसतात. प्रत्येक थराचे चार आकडे लागतात: जाडी, घनता, तापमान आणि कणांचा बारीकपणा. चौथ्यासाठी विशिष्ट पृष्ठफळ वापरतात, म्हणजे एक किलो हिमातल्या कणांचं एकूण पृष्ठफळ, चौरस मीटरमध्ये. ताज्या हिमाचा आकडा मोठा असतो, तळाच्या जुन्या भरड कणांचा १० च्या आसपास. ज्वारीचं पीठ आणि भरडा एकाच डब्यात थर लावून ठेवावा, तसा हा मामला असतो.

सरावासाठी मी एक काल्पनिक खड्डा देतो. थंड, कोरड्या भागातला समजा.

वरचा थर: २० सेंटिमीटर, घनता १५०, तापमान २६३ केल्विन, पृष्ठफळ ४०.
मधला थर: ४० सेंटिमीटर, घनता ३००, तापमान २६७, पृष्ठफळ २०.
तळाचा थर: ३० सेंटिमीटर, घनता २८०, तापमान २७१, पृष्ठफळ ९.
जमीन: २७२ केल्विन, गोठलेली.

एकूण ९० सेंटिमीटर हिम. जाडी गुणिले घनता केली की पाणी मिळतं: ३० अधिक १२० अधिक ८४, म्हणजे २३४ मिलिमीटर. तळाच्या थराला डेप्थ होअर म्हणतात. जमीन तुलनेनं उबदार आणि वरची हवा गार असली, की वाफ खालून वर सरकते आणि तळाचे कण वाढत जातात. मीटरमागे १० अंशांच्या पुढे तापमानाचा उतार गेला की ही वाढ जोरात होते. आपल्या खड्ड्यात तो बरोबर त्या उंबरठ्यावर आहे. लडाख-काराकोरममधल्या पातळ, थंड हिमात असा तळ सहज मिळतो. पीर पंजालमध्ये हिम जाड आणि तुलनेनं ऊबदार, तिथं चित्र वेगळं.

वही भरताना दोन गोष्टी सांभाळा. एसएमआरटीत थरांची यादी पृष्ठभागापासून खाली जाते. मेम्ल्समध्ये पहिला थर तळाचा असतो. एका मॉडेलची फाइल दुसऱ्याला तशीच दिली तर हिम उलटं होतं आणि प्रोग्राम चकार शब्द काढत नाही. दुसरं, एकक. जाडी मीटरमध्ये, वारंवारता हर्ट्झमध्ये, कणाची लांबीही मीटरमध्येच.

खरा डेटा हवा असेल तर फिनलंडमधल्या सोदांकुला इथली नोस्रेक्स मोहीम पाहा. २००९ ते २०१३ दरम्यानच्या हिवाळ्यांत तिथं मनोऱ्यावरच्या सेन्सरसोबत शेजारीच खड्डे मोजले गेले. खड्डाच नसेल तर स्विस स्नोपॅक किंवा फ्रेंच क्रोकस ही मॉडेलं हवामानाच्या नोंदींवरून थर बनवून देतात.

पायरी ३: थरांच्या सीमा

कोरड्या हिमाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक घनतेवरून निघतो: १ + १.६ × घनता + १.८६ × घनतेचा घन. घनता इथं ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, आणि सूत्र ०.४ पर्यंतच चालवा. आपल्या तीन थरांना १.२५, १.५३ आणि १.४९ मिळतात. निव्वळ बर्फाचा ३.१८.

आता ५५ अंशांवर फ्रेनेलची, म्हणजे सीमेवर किती परावर्तन होतं ते सांगणारी, समीकरणं लावा. हवा आणि वरचा थर यांच्या सीमेवर आडव्या ध्रुवीकरणाचं १.९ टक्के परावर्तन होतं, उभ्याचं जेमतेम ०.१ टक्का. वरच्या आणि मधल्या थराच्या सीमेवर आडव्याचं १ टक्का, उभ्याचं जवळजवळ शून्य. हे आकडे लहान वाटतात, पण खऱ्या हिमात सीमा पुष्कळ असतात आणि प्रत्येक सीमा आडव्या ध्रुवीकरणातून थोडं थोडं कापत जाते. म्हणून दोन ध्रुवीकरणांतला फरक वाढला, की हिमात थर जास्त आहेत असा पहिला अंदाज करावा. एका थराच्या मॉडेलमध्ये ही माहितीच नाहीशी होते.

याहून अवघड प्रकरण बर्फाच्या पापुद्र्याचं. दुपारी वितळून रात्री गोठलेल्या हिमात एक-दोन मिलिमीटरचा घट्ट पापुद्रा तयार होतो. आपल्या मधल्या थरात तो बसवला, तर त्याच्या प्रत्येक बाजूवर आडव्याचं ६.९ टक्के परावर्तन होतं. दोन्ही बाजूंची ऊर्जा सरळ बेरजेनं जोडली तर सुमारे १३ टक्के. पण हा हिशेब इथं लागू नाही. ३६.५ गिगाहर्ट्झची लहर बर्फात ४.६ मिलिमीटरची होते, आणि पापुद्रा १.३ मिलिमीटरचा असला तर दोन बाजूंच्या लहरी एकमेकींना जोर देतात. परावर्तन २४ टक्क्यांवर जातं. तोच पापुद्रा दुप्पट जाड असला तर लहरी एकमेकींना खोडतात आणि परावर्तन शून्याकडं येतं. एवढ्या बारीक थरासाठी लहरींच्या टप्प्याचा (फेजचा) हिशेब ठेवणारी पद्धत लागते. ती नसेल तर पापुद्रा साध्या थरासारखा घुसडू नका. तो खड्डा बाजूला ठेवणं बरं.

पायरी ४: कण, म्हणजेच सगळा खेळ

पृष्ठफळावरून कणाची त्रिज्या काढायची: ३ भागिले बर्फाची घनता ९१७ आणि पृष्ठफळ यांचा गुणाकार. आपल्या थरांना अनुक्रमे ०.०८, ०.१६ आणि ०.३६ मिलिमीटर मिळतात.

विकिरणाची कल्पना येण्यासाठी सुट्या गोल कणांचं रॅले सूत्र हातानं लावू. विकिरण-गुणांक म्हणजे २ × हिमातला बर्फाचा घनफळ-वाटा × तरंगांकाचा चौथा घात × त्रिज्येचा घन × ०.१७७. तरंगांक म्हणजे ६.२८३ भागिले तरंगलांबी, ३६.५ गिगाहर्ट्झला तो ७६५ प्रति मीटर. उत्तरं मीटरमागे: वरचा थर ०.०११, मधला ०.१७, तळाचा १.७८. जाडीनं गुणून बेरीज केली की सगळ्या हिमाचं मिळून ०.६० येतं. त्यातला ८८ टक्के वाटा एकट्या तळाच्या थराचा, ज्यात पाणी मात्र ३६ टक्केच आहे.

आता सरासरीचा घोटाळा करून पाहू. वस्तुमानाच्या प्रमाणात सरासरी पृष्ठफळ १८.६ आणि घनता २६०. त्यावरून त्रिज्या ०.१८ मिलिमीटर आणि ९० सेंटिमीटरचं एकूण विकिरण ०.१७. खऱ्याच्या पावपट! पाणी तेवढंच, जाडी तेवढीच, कणांची सरासरीही चोख काढलेली. तरी उत्तर पार गेलं, कारण विकिरण त्रिज्येच्या घनाबरोबर वाढतं आणि सरासरी भरड कणांना गिळून टाकते. थर कमी करायचेच असतील तर तळाचा भरड थर वेगळा ठेवा आणि वरचे एकत्र करा.

खऱ्या हिमात कण सुटे नसतात, एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणून मॉडेलमध्ये रॅलेऐवजी बॉर्न पद्धत वापरतो. तिला त्रिज्या नको, सहसंबंध-लांबी (कणांची रचना किती भरड ते सांगणारी लांबी) हवी: ४ × (१ वजा बर्फाचा वाटा) भागिले (९१७ × पृष्ठफळ), आणि मग मेट्झलरनं सुचवलेला ०.७५ चा गुणक. आपल्याकडं ०.०७, ०.११ आणि ०.२५ मिलिमीटर. हा ०.७५ दगडावरची रेघ नव्हे. हिमाच्या प्रकारानुसार तो बदलतो; डेप्थ होअरसाठी विशेषतः. बरेच अभ्यासक निरीक्षणाशी जुळेपर्यंत तो फिरवतात. फिरवायला हरकत नाही, पण एका हिवाळ्यावर जुळवा, दुसऱ्यावर तपासा, आणि किती फिरवला ते अहवालात लिहा. प्रत्येक खड्ड्याला वेगळा गुणक लावून आलेख जुळवणं म्हणजे मॉडेल नव्हे.

पायरी ५: मॉडेलची परीक्षा

निकाल छापण्याआधी चार चाचण्या करा. सर्वांत कडक चाचणी अशी: सगळे थर, जमीन आणि आकाश, सगळ्यांना २६५ केल्विन द्या. आकाशासाठी एसएमआरटीत सर्व दिशांनी सारखं असणारं साधं वातावरण बसवता येतं. आता कण कसेही असोत, कोन कोणताही असो, प्रत्येक वारंवारतेला उत्तर २६५ च आलं पाहिजे. नाही आलं तर ऊर्जा कुठंतरी गळतेय. मधला ४० सेंटिमीटरचा थर २०-२० चे दोन सारखे थर करून द्या. उत्तर हलता कामा नये. कण अगदी बारीक करा; विकिरण संपून १८.७ आणि ३६.५ ची उत्तरं जवळ यायला हवीत. शेवटी डॉर्टमधल्या दिशांची संख्या दुप्पट करा आणि फरक नगण्य आहे ना पाहा.

वातावरण बसवायचं विसरलात तर आकाश पूर्ण थंड धरलं जातं आणि ३६.५ ची उत्तरं खऱ्यापेक्षा खाली येतात. हिम जितकं विखुरतं तितकं ते आकाशही परत दाखवतं, त्यामुळे ही चूक नेमकी जाड हिमावर जास्त बोचते.

पायरी ६: उपग्रहाशी गाठ

एएमएसआर-२ चा एक ठिपका ३६.५ वर ७ × १२ किलोमीटरचा आणि १८.७ वर १४ × २२ किलोमीटरचा. हिमालयात तेवढ्या जागेत दरी, कडा, सूचिपर्णी जंगल आणि उघडा खडक सगळं येतं. या मिसळीची सवय घरीच करा: पैठणच्या नाथसागरावरची तापमानं उतरवून घ्या आणि पाणी व काळं रान एका ठिपक्यात कसं मिसळतं ते पाहा. जपानच्या अवकाश संस्थेच्या जी-पोर्टलवरून डेटा नोंदणी करून मोफत मिळतो. मग हिमालयात जागा निवडताना लडाखमधल्या देप्सांगसारखं सपाट पठार निवडाल, मनालीजवळची सोलंगची दरी नव्हे.

हा उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातो. तुलनेला रात्रीचीच फेरी घ्या. हिमात एखादा टक्का पाणी सुटलं तरी ते ३६.५ वर जवळजवळ कृष्णवस्तूसारखं उजळतं, खालचं काही दिसत नाही आणि थरांचा सगळा हिशेब व्यर्थ. दुपार आणि रात्रीत मोठी उडी दिसली, तर तो दिवस कोरड्या हिमाच्या यादीतून काढा.

मॉडेलनं दोन्ही वारंवारतांची आडवी तापमानं दिली, की त्यांचा फरक ४.८ नं गुणा आणि २३४ मिलिमीटरशी ताडून पाहा. चँगचं सूत्र बरोबर ठरायला ४९ केल्विनचा फरक लागेल. मग एकूण पाणी तेवढंच ठेवून तळाचा थर ३० वरून १० सेंटिमीटर करा आणि फरक कुठं जातो ते बघा. हा एकच आलेख तोंडी परीक्षेत पुरेसा आहे.

रडारकडं वळायचं असेल तर एसएमआरटी तेही करतं, पण युरोपच्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाच्या ५.४ गिगाहर्ट्झला कोरडं हिम बव्हंशी पारदर्शक असतं आणि परत येणारा प्रतिध्वनी मुख्यतः जमिनीचा असतो. तिथं सगळी मेहनत जमिनीच्या खडबडीतपणावर जाते. ओलं हिम मात्र छान ओळखू येतं. नागलर आणि रॉट यांनी कोरड्या काळाच्या तुलनेत ३ डेसिबलची घसरण हा उंबरठा वापरला. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या नासा-इस्रोच्या निसार उपग्रहाच्या एल आणि एस या आणखी लांब लहरींच्या बँडमध्ये लहरीच्या टप्प्यातल्या विलंबावरून पाणी काढण्याची वाट आहे; त्यात कणांची कटकट जवळजवळ नाही, घनता महत्त्वाची.

अहवालात काय द्यायचं

एकच आकडा देऊ नका. तळाच्या थराचं पृष्ठफळ १० टक्क्यांनी कमी धरलं तर त्रिज्या ११ टक्क्यांनी वाढते आणि विकिरण ३७ टक्क्यांनी. मोजमापात एवढी चूक सहज होते. म्हणून प्रत्येक खड्डा किमान तीनदा चालवा: मोजलेल्या पृष्ठफळावर, १० टक्के खाली आणि १० टक्के वर. तीन उत्तरांचा पट्टा आलेखावर काढा, त्यावर उपग्रहाचे ठिपके ठेवा, आणि शेजारच्या तक्त्यात थरांची संख्या, सहसंबंध-लांबीचा गुणक, जमिनीचा स्थिरांक आणि आकाशाचं गृहीत तापमान लिहा.